देव टाकला, हात ठेवला

हे टिपण वाचून आपल्यातले काहीजण माझ्यावर उखडणार, हे मी धरूनच चाललोय. वस्तीत रोज एक नवं प्रकरण, ठाण्यात नोंद घेत नाहीत म्हणून रोज एक खेटा, आणि हा गिरणीतला पोऱ्या कोरियातल्या वाद्यसंगीतावर लिहीत बसलाय. पोट भरलेल्यांचे धंदे! दोस्तांनो, खुशाल उखडा. पण आधी शेवटपर्यंत वाचा. कारण हा प्रश्न कोरियाचा आहे तेवढाच माझ्या घरातल्या एका खुंटीचाही आहे. त्या खुंटीवर काय टांगलेलं होतं आणि ते कुणी उतरवलं, ते शेवटी सांगतो.

आधी माझी लायकी सांगतो. मला संगीत कळत नाही. म्हणजे मैफलीत पुढच्या रांगेत मान हलवणारे रसिक ज्याला कळणं म्हणतात, तसं कळत नाही. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. आठ तास बॉबिनींच्या रांगांमधून चालायचं आणि तुटलेला धागा बोटानं सांधायचा. कान त्या घरघरीत निम्मे गेलेत. पण एक गोष्ट मला त्या रसिकांपेक्षा जास्त कळते. ताण. धाग्याला पीळ किती बसला, ताण किती झाला, आता तुटणार की टिकणार, हे माझ्या बोटाला न बघता कळतं. सान्जो मला कळला तो या बोटाच्या जोरावर.

झालं असं की माझी बहीण मोबाईलवर कोरियन मालिका बघते. राजवाडे, रेशमी कपडे, कारस्थानं. एकीत एक बाई लांबट फळीसारखं वाद्य मांडीवर घेऊन तारा छेडत होती. मी भाकरी खाता खाता थांबलो. तार छेडल्यावर सूर लागला तिथं राहतच नव्हता. थरथरायचा, घसरायचा, मध्येच मोडायचा. रडं दाबून बोलणाऱ्या माणसाचा आवाज मोडतो ना, तसा. बहिणीला विचारलं, हे काय गं? म्हणाली, दादा गप, पुढचं बघू दे. मग मीच शोधत गेलो. रात्रपाळी सुटली की खोलीवर येऊन कानात घालून ऐकायचं, हाच उद्योग. हाताला लागलं ते वाचलंही. त्यातून जे कळलं ते इथं मांडतोय.

*

सान्जो म्हणजे विखुरलेले सूर. एक वाजवणारा आणि एक जांगगु वाजवणारा, बस. जांगगु म्हणजे मध्ये बारीक कंबर असलेला, दोन तोंडांचा ढोल. तिसरं माणूस नाही. गाणारं कुणी नाही, शब्द नाहीत, पुढ्यात लिहिलेला कागद नाही.

सगळ्यात आधी सान्जो झाला गायागुमवर. गायागुम म्हणजे पाउलोनिया नावाच्या हलक्या लाकडाची लांब पेटी. तिच्यावर बारा तारा, प्रत्येक तारेखाली एक सुटी, सरकती घोडी. तारा धातूच्या नाहीत. रेशमाच्या आहेत. रेशमाचे पुष्कळ धागे एकत्र पिळायचे, वाफवायचे, मग ताणायचे. म्हणजे हे वाद्य माझ्या खात्यातलंच म्हणा की! उजवा हात तार छेडतो. डावा हात घोडीच्या पलीकडे तीच तार दाबतो, हलवतो, सैल सोडतो. सूर जन्माला घालतो उजवा, पण त्या सुराच्या नशिबात पुढं काय आहे ते डावा ठरवतो. या डाव्या हाताच्या कामाला कोरियन भाषेत नोंगह्यन म्हणतात. तारेशी खेळणं, असा त्याचा अर्थ. मला तो खेळ वाटत नाही. मला ते राबणं वाटतं. तारेवर बोट टेकवून बघा, रेशीम असलं तरी कापतं. वाजवणाऱ्यांच्या बोटांना घट्टे पडतात.

दुःखाच्या ज्या सुरावटीवर सान्जोची मोठी भिस्त आहे, तिच्यात तीन मुख्य जागा. खालचा सूर थरथरतो. मधला सरळ उभा राहतो. वरचा सूर मोडून खाली पडतो. एवढंच. थरथरणं, उभं राहणं, मोडणं. सगळा डोलारा या तीन गोष्टींवर. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो. आपल्या कितीतरी कवितांचं व्याकरण याहून वेगळं नाही, आणि आपण चारशे शब्द खर्च करतो.

आता चाल बघा. सान्जो सावकाश सुरू होतो आणि वेग घेत जातो. उलटं कधी होत नाही. पहिला ताल जिनयांगजो. सहा संथ ठोक्यांची एक फेरी, अशा चार फेऱ्या मिळून एक मोठा फेरा. इतका संथ की दोन ठोक्यांच्या मध्ये माणूस आपलं आयुष्य आठवून घेईल. मग बारा ठोक्यांचा जुंगमोरी. मग जुंगजुंगमोरी, चाल थोडी डुलती. मग जाजिनमोरी, पावलं पळायला लागतात. शेवटी ह्विमोरी, बोटं दिसेनाशी होतात. दहा मिनिटांतही आटपता येतो, पण पुरा वाजवला तर तासाच्या घरात जातो. सगळ्यात ताण चढवायचा आणि सोडवायचा, बांधायचं आणि सुटं करायचं, हे एकच काम चालू असतं. तुटायच्या बेतात आणून न तोडणं, ही कारागिरी.

आणि ढोलवाला मुका नसतो. वाजवणाऱ्यानं अवघड जागा काढली की तो तोंडानं हुंकार देतो. 'ओल्सिगु!' 'जोता!' म्हणजे वा रे पठ्ठ्या, झकास. ऐकणारेही देतात. याला छुइमसे म्हणतात. आमच्याकडे शास्त्रीय मैफलीत कुणी शिट्टी मारली तर त्याला बाहेर काढतील. तिथं उलट आहे. गप्प बसणारा श्रोता म्हणजे मेलेला श्रोता. तमाशाच्या फडात ज्यानं 'जिओ' म्हणून ओरडलंय त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

*

आता मुद्द्यावर येतो. हे केलं कुणी?

कोरियात १३९२ पासून १९१० पर्यंत जोसन घराण्याचं राज्य होतं. कन्फ्युशियसच्या नावानं चालणारं. वर यांगबान, म्हणजे जमीन आणि पोथी दोन्ही हातात असलेले. खाली, अगदी तळाला, छनमिन, म्हणजे हीन. त्या हीनांत आठ जणांची यादी नेहमी सांगितली जाते. गुलाम, बौद्ध भिक्खू, जनावरं कापणारे पेकजोंग, मुदांग म्हणजे अंगात येणाऱ्या पुजारणी, गाणारे-वाजवणारे-खेळ करणारे ग्वांगदे, तिरडी वाहणारे, कारागीर आणि गीसेंग म्हणजे मैफलींत नाचगाणं करणाऱ्या बायका. यादी परत वाचा. भिक्खूसुद्धा हीन. जो कापतो तो हीन, जो वाहतो तो हीन, जो वाजवतो तो हीन. आणि यांच्यावाचून गावाचं पान हलत नव्हतं.

नैर्ऋत्येला जोल्ला प्रांत आहे. भातशेतीचा, जमीनदारांचा आणि कुळांच्या बंडांचा. तिथं पुजारणीचं काम घराण्यात चालत यायचं. या घराण्यांना तांगोल म्हणत. बाई विधी करायची, नवरा-दीर-मुलगा वाजवायचे. लग्नं आपापसातच, बाहेरचा कुणी मुलगी देत नव्हता की घेत नव्हता. कुणी मेलं की यांना बोलवायचं, मेलेल्याला वाट दाखवायला वाजवून घ्यायचं, धान्य द्यायचं आणि परत हद्दीबाहेर घालवायचं. यांगबानांची शेंबडी पोरं यांच्या म्हाताऱ्यांना अरे-तुरे करायची. गावकीचं डफडं वाजवलेल्या घरात जो जन्मला त्याला मी पुढं सांगायला नको.

त्या विधीत बाप्ये मंडळी मिळून जे वाजवायची ते शिनावी. प्रत्येकजण आपली वाट काढत, एकमेकांच्या अंगावर पडत, तरी एकत्र. याच लोकांतून पानसोरी आली. एक गाणारा, एक ढोलवाला आणि तासन् तास चालणारी कथा. सान्जो या दोघांच्या पोटातून निघाला. १८९० च्या सुमारास, जोल्लातल्या योंगाम गावच्या किम छांग-जो (१८६५-१९१९) या माणसानं गायागुमवर पहिला सान्जो बांधला, असं मानतात. तो एकटाच होता असं मी म्हणणार नाही. त्या मुलखात त्याच काळात आणखीही काही हात त्याच दिशेनं चालले होते. इतिहासाला एक नाव लागतं, म्हणून एक नाव राहतं.

तारखेकडे लक्ष द्या. १८९४ साली जोल्लातच शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं. त्याच वर्षी सरकारला जन्मावरची उच्चनीचता कायद्यानं मोडावी लागली. कायद्यानं, बरं का. गावानं नाही. गावानं किती वर्षं मोडली नाही याचा पुरावा असा की १९२३ च्या एप्रिलमध्ये जिन्जू शहरात पेकजोंगांना आपली संघटना काढावी लागली. तिचं नाव ह्योंगप्योंगसा, तराजूची संघटना. तराजूचं पारडं समान असावं, एवढीच मागणी. पोरांना शाळेत घेत नव्हते, हे तिच्यामागचं एक कारण. त्याच्या आदल्या वर्षी जपानात बुराकूंची सुइहेइशा निघाली होती, आणि चार वर्षांनी आपण महाडच्या तळ्यावर गेलो. कुणी कुणाला पत्र लिहून ठरवलं नव्हतं. पण त्या काळात आशियातला खालचा माणूस मान वर करत होता. सान्जो ऐकताना मला ती मान दिसते.

*

किम छांग-जोनं आणि त्याच्यासारख्यांनी केलं काय, ते नीट बघू. समीक्षा म्हणून मला हेच सांगायचंय, बाकीची सगळी माहिती आहे.

विधीतून त्यांनी देव काढला. मेलेला काढला. पुजारीण काढली. पानसोरीतून कथा काढली, राजा-राणी, एकनिष्ठ बायको, आज्ञाधारक पोरगी, सगळे काढले. शब्दच काढले. मग उरलं काय? हात उरला. पिढ्यान् पिढ्या वाजवून शहाणा झालेला हात. ताल उरला. थरथरणारा, उभा राहणारा, मोडणारा सूर उरला. एवढं सामान घेऊन माणूस एकटा बसला आणि म्हणाला, आता ऐका. कुणाच्या मयतीसाठी नाही, कुणाच्या लग्नासाठी नाही. मी वाजवतोय म्हणून ऐका.

याला मी क्रांती म्हणतो. छोटी म्हणा, पण क्रांतीच. कारण खालच्या जातीच्या कलेला आजवर 'कशासाठी' हा प्रश्न कधी सुटला नव्हता. वाजव, कारण देवाची पालखी आली. वाजव, कारण पाटलाच्या पोराचं लग्न आहे. वाजव, कारण ढोर मेलंय, माणूस मेलंय, दवंडी द्यायचीय. सान्जोत पहिल्यांदा 'कशासाठी' गळून पडतो आणि 'कोण' समोर येतो.

आणि हत्यारही बदललं. दरबारात, यांगबानांच्या बैठकीत वाजायचा तो गायागुम मोठा, तारांमध्ये अंतर जास्त. संथ, अदबशीर वाजवायला तो बरा. जाजिनमोरीचा वेग त्यावर निघायचा नाही. म्हणून सान्जोसाठी लहान, अरुंद, तारा जवळजवळ असलेला गायागुम वापरात आला. मालकाच्या वाद्यावर आपलं गाणं बसत नसेल तर वाद्य छाटायचं. भाषेच्या बाबतीत आपण दुसरं काय केलं?

मग दुसरी वाद्यं आली. गोमुन्गो हे तर विद्वानांचं वाद्य. पोथी वाचून थकलेला यांगबान मन शुद्ध करायला गोमुन्गो छेडायचा. १८९६ च्या सुमारास पेक नाक-जुन यानं त्यावर सान्जो वाजवला आणि बोंब झाली. पवित्र वाद्य बाटवलं! आज गोमुन्गो सान्जो शिकवला जातो, आणि बोंब मारणाऱ्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. तेगुम या आडव्या बासरीवर सान्जो आणला जिन्दो बेटावरच्या पाक जोंग-गी यानं. तो तांगोलच्या घरातला. दोन तारांच्या हेगुमवर सान्जो वाजवणाऱ्यांत जी योंग-ही होता. तोही असल्याच घरातला. म्हणजे विधीचं घर सोडून हे एकेकटे बाहेर पडत होते, हातात आपापलं वाद्य घेऊन.

*

मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते किम जुक-फा या बाईनं. १९११ चा जन्म, १९८९ ला गेली. किम छांग-जोची नात. लहानपणी आज्याच्या पुढ्यात बसून शिकली. आजा गेला तेव्हा ती पोरच होती, मग आज्याच्या शिष्याकडे शिकली. गीसेंग म्हणून नाव काढलं, तबकड्या निघाल्या. लग्न झालं आणि वाजवणं सुटलं. एकदोन नाही, कैक वर्षं. उतारवयात परत वाद्य हातात घेतलं. १९७८ साली सरकारनं तिला या कलेची अधिकृत धारक म्हणून मान्यता दिली.

तिचा सान्जो पंचावन्न मिनिटांच्या आसपास चालतो. आज्याकडून आलेल्यात तिनं स्वतःचं घातलंय. त्यातला सुरुवातीचा संथ भाग ऐका. मी रात्रपाळीनंतर पहाटे ऐकतो. एक सूर छेडते आणि सोडून देते. तो सूर डाव्या बोटाखाली थरथरत खाली जातो, संपतो. पुढचा येत नाही. ढोलवाला एक ठोका देतो, अगदी हलका. तरी येत नाही. आणि आता काही येणारच नाही असं वाटतं तेव्हा येतो. धागा तुटला असं समजून मी हात पुढं करावा आणि तो तुटलेला नसावा, असं. या रिकाम्या जागा ज्या ठेवू शकतात त्यांना घाई कधीच नसते. जिनं एवढी वर्षं न वाजवता काढली तिला दोन सुरांमधल्या जागेची कसली भीती?

*

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर हे टिपण कौतुक झालं असतं. पण कौतुक करणारे पुष्कळ आहेत, आणि तिथंच गोची आहे.

दक्षिण कोरियानं १९६२ साली सांस्कृतिक ठेवा जपण्याचा कायदा केला. गोमुन्गो सान्जोला १९६७ साली, गायागुम सान्जोला १९६८ साली, तेगुम सान्जोला १९७१ साली त्यात मान मिळाला. वाजवणाऱ्याला पगारवजा मदत, शिष्य, प्रतिष्ठा. चांगलं झालं. नाहीतर कला उपाशी मेली असती. पण त्याच सरकारनं, पार्क चुंग-हीच्या लष्करी राजवटीनं, १९७० च्या दशकात 'नवं गाव' मोहीम काढली आणि अंधश्रद्धा मोडायच्या नावाखाली गावोगावची देवस्थानं पाडली, पुजारणींना हाकललं. आता मी बाबासाहेबांचा. अंगात येण्याची मला काडीचीही माया नाही. पण बघा, काय चाललंय. आईला हाकलायचं आणि तिच्या लेकराला हार घालायचा. पुजारीण म्हणजे लाज, तिच्या नवऱ्याचं वाद्य म्हणजे राष्ट्राची शान. अंधश्रद्धा मोडायची तर जरूर मोडा, पण तिच्याबरोबर ज्यांना हीन ठरवलं त्यांची माफी कोण मागणार? ते राहूनच गेलं.

दुसरी गोष्ट, 'हान'. कोरियात हा शब्द फार चालतो. साचलेलं, न फिटलेलं दुःख. सान्जोत कोरियन राष्ट्राचा हान आहे, असं मोठमोठे लोक लिहितात. मी विचारतो, कुणाच्या राष्ट्राचा? यांगबानाचं दुःख आणि यांगबानाच्या पोरानं ज्याला अरे-तुरे केलं त्या म्हाताऱ्याचं दुःख एकाच पोत्यात कसं भरता? दुःख राष्ट्राचं केलं की दुःख देणारा नाहीसा होतो. आपल्याकडे हे रोज बघतो. 'दलित साहित्यातली वेदना वैश्विक आहे' म्हणून समीक्षक डोळे पुसतात. वैश्विक! म्हणजे गुन्हेगार कुणीच नाही. शिवाय सान्जो नुसतं रडतो हेही खोटं. त्यात उजळ, ठणठणीत सुरावटी आहेत. शेवटचा वेग ऐकून कुणाला रडं येत असेल तर त्यानं कान तपासून घ्यावेत.

तिसरी गोष्ट. पहिल्या पिढ्यांचे हात मोकळे होते. आज एक, उद्या दुसरं, बैठक बघून कमी-जास्त. मग शिष्यांच्या परंपरा झाल्या, प्रत्येकीला गुरूचं नाव, आणि विद्यापीठांत सान्जो कागदावर उतरला. आज बहुतेक विद्यार्थी गुरूचा सान्जो सुरासूर पाठ करतात, परीक्षा देतात. स्वातंत्र्य पाठ करून ठेवलंय! दुसऱ्या टोकाला नवा पंचवीस तारांचा गायागुम आलाय. त्यावर पॉलिस्टरच्या तारा असतात आणि पाश्चात्त्य धाटणीची गाणीही वाजतात. पॉलिस्टरचा धागा तुटत नाही, हे मला गिरणीत माहीत आहे. पण थरथरायला रेशीमच लागतं.

हेही सांगायला पाहिजे की वरच्या थरातले सगळेच लुटारू नव्हते. ह्वांग ब्योंग-गी (१९३६-२०१८) हा कायद्याचा पदवीधर. युद्धाच्या धामधुमीत, १९५१ साली बुसानमध्ये पोरवयात त्यानं गायागुम हाती घेतला आणि आयुष्य घातलं. जोंग नाम-ही हा वादक उत्तर कोरियात गेलेला. असल्यांची नावं दक्षिणेत कित्येक वर्षं उघड घेण्याची सोय नव्हती. त्याची शैली ह्वांगनं सांभाळली, वाढवली आणि तिच्या नावात जोंग नाम-हीचं नाव आधी ठेवलं. मोठेपणा आहे हा. श्रेय मूळ हाताला द्यायचं, एवढंच तर आपण मागतो. उत्तरेत काय झालं? तिथं सान्जोवाले गेले खरे, पण किम इल-सुंगनं पानसोरीला जुनाट, लढ्याच्या कामाची नाही असं ठरवलं, आणि वाद्यं सुधारून गायागुमला एकवीस तारा केल्या. एकीकडं काचेच्या कपाटात ठेवलं, दुसरीकडं सुधारून टाकलं. हीनांचा आवाज जसा आहे तसा ऐकायला दोन्हीकडच्या सत्तेला जड गेलं.

एक गल्लत मात्र करू नका. कोरिया म्हणजे भारत नाही. तिथं ही उच्चनीचता बऱ्याच अंशी विरून गेली. कायदा झाला, गावं शहरात गेली, १९५० ते १९५३ च्या युद्धानं माणसं उधळली, जमिनींचं वाटप झालं, आणि कोण कुणाचा हे विसरलं गेलं. आपल्याकडं आडनाव विचारतात. तिथं हीन घरातल्या वादकाला घर लपवून राष्ट्राचा ठेवा होता आलं. आपल्याला लपताही येत नाही, आणि लपायचंही नाही.

*

आता खुंटी.

मराठवाड्यातलं आमचं गाव. माझा आजा पोरवयापासून बापाबरोबर डफडं वाजवायचा. लग्नात पुढं, मयतीत पुढं, जेवायला मागं. धम्म घेतल्यावर वस्तीनं ठरवलं, गावकीचं वाजवणं बंद. गावानं किराणा बंद केला, रानात पाऊल टाकू दिलं नाही. वस्ती हटली नाही. बाकीच्यांनी डफडी जाळली. आज्यानं जाळलं नाही, घरात खुंटीला टांगलं. वाजवलं मात्र कधीच नाही. माझं बालपण त्या टांगलेल्या डफड्याखाली गेलं. म्हातारपणी मात्र एकटा असला की तो ज्वारीच्या डब्यावर बोटं वाजवायचा. अगदी हळू. मी सतरा वर्षांचा होतो, नुकताच शिबिरं करून आलेलो, डोकं तापलेलं. म्हणालो, आज्या, गुलामीची निशाणी आहे ती, कशाला वाजवतोस? तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी खुंटी रिकामी होती. डब्यावरची बोटंही थांबली. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला.

मी चूक बोललो होतो का? गावकी सोडली ते शंभर टक्के बरोबर. ते परत करा असं कुणी म्हणालं तर मी त्याच्या अंगावर जाईन. पण त्या डब्यावर देव नव्हता, पाटील नव्हता, मयत नव्हतं. आज्यानं सगळं टाकलं होतं आणि फक्त हात ठेवला होता. तो त्याचा सान्जो होता. मला ऐकायला आला नाही. जन्मभर ज्याला कुणी 'जोता' म्हटलं नाही, त्याला घरातल्या शिकलेल्या पोरानं 'बंद कर' म्हटलं.

म्हणून कार्यकर्त्यांना सांगणं एवढंच. येत्या जयंतीला भिंती हादरवणारे डीजे लावाल, लावा. पण त्याआधी आपापल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडं जा. ज्यांच्या हातात डफडं, हलगी, सनई होती त्यांच्यासमोर मोबाईल ठेवा आणि म्हणा, बाबा, देवाचं नको, लग्नाचं नको, तुमच्या मनाचं वाजवा. ते वाजवताना गप्प बसू नका, दाद द्या. वाजवणाऱ्याचं नाव, गाव, जात, सगळं लिहून ठेवा. जात लाजेपोटी गाळू नका. उद्या हे कुणाच्या तरी राष्ट्राचा ठेवा होणारच आहे. तेव्हा हात कुणाचा होता हे कागदावर पाहिजे.

आमच्या घरात तो ज्वारीचा डबा अजून आहे. परवा सुट्टीला गेलो तेव्हा मी त्यावर बोटं टेकवून बघितली. पहिले चार ठोके आठवतात. पाचवा कुठं पडायचा ते आठवत नाही.

जय भीम.